डिस्क सांगते ते खरे मानावे का?

संगणकातल्या फाइलींचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात : फाइल, आणि ती जिच्यावर ठेवली आहे ती डिस्क. प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये एक नोंदवही असते. कोणत्या नावाची फाइल डिस्कवर कुठे आहे, तिचे तुकडे कोणत्या क्रमाने लावायचे, ती कोणाच्या मालकीची, डिस्कवरची कोणती जागा भरलेली आणि कोणती मोकळी, हे सगळे त्या वहीत लिहिलेले असते. तिला मेटाडेटा म्हणतात. ही वहीही त्याच डिस्कवर असते, आणि ती वाचण्या-लिहिण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला, फाइल सिस्टिम नावाचा भाग करतो.

फाइलीच्या मजकुरातला एखादा बिट उलटला, शून्याचा एक झाला, तर फार तर त्या एका फाइलीचे नुकसान होते. नोंदवहीतला बिट उलटला तर गोष्ट वेगळी. एक अख्खे फोल्डर दिसेनासे होऊ शकते. भरलेली जागा मोकळी समजून तिच्यावर दुसऱ्याच फाइलीचा मजकूर लिहिला जाऊ शकतो. आणि कर्नेलला तर यंत्रातले सर्व अधिकार असतात. त्याने चुकीच्या आकड्यावर विसंबून मेमरीत भलत्याच ठिकाणी काही लिहिले, तर सगळे यंत्र बंद पडते. तो आकडा कोणी मुद्दाम पेरलेला असेल, तर यंत्र परक्याच्या हातीही जाऊ शकते.

म्हणून डिस्कवरून वाचलेल्या प्रत्येक नोंदीची आधी शहानिशा करावी, असे म्हणणे सोपे आहे. ती नेमकी केव्हा करायची, किती खोलवर करायची आणि नोंद खोटी निघाली तर पुढे काय करायचे, हे तीन प्रश्न मात्र अवघड आहेत. या लेखात मी मुख्यतः लिनक्सच्या कर्नेलमधली उदाहरणे घेतली आहेत. त्याचा कोड खुला असल्याने, हा विषय कोणत्याही विद्यापीठात न शिकलेल्या माझ्यासारख्या माणसालाही तो घरबसल्या ओळीओळीने वाचता येतो. कोणती ओळ कोणी, कोणत्या साली आणि कशासाठी घातली, याची नोंदही तिथेच सापडते. शिवाय हा कर्नेल अनोळखी नाही. प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या आत तोच आहे.

वहीचे पहिले पान

लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी फाइल सिस्टिम म्हणजे ईएक्सटी४. तिच्या डिस्कवरचे पहिले १०२४ बाइट सोडून दिलेले असतात आणि त्यानंतरच्या १०२४ बाइटांत 'सुपरब्लॉक' असतो. हे वहीचे पहिले पान. डिस्कवर एकूण ब्लॉक किती, एक ब्लॉक किती बाइटांचा, फाइलींच्या नोंदी किती, ही सगळी मूळ मापे इथे असतात. सुपरब्लॉकमध्ये ठरावीक जागी षोडशमान पद्धतीत 'ईएफ५३' हा आकडा लिहिलेला असतो. ही या वहीची मोहोर. मोहोर दिसली नाही, तर कर्नेल पुढे वाचतच नाही.

पण मोहोर असली म्हणजे आतला मजकूर खरा, असे थोडेच आहे? म्हणून पुढचे प्रश्न सुरू होतात. ब्लॉकचा आकार १०२४ ते ६५५३६ बाइट या मर्यादेत आहे का? सुपरब्लॉक जितके ब्लॉक असल्याचे सांगतो, तितके त्या उपकरणावर मावतात तरी का? ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरचा सुपरब्लॉक आपल्याकडे ५०० जीबी असल्याचे सांगत असेल, तर एक तर तो बिघडला आहे किंवा खोटे बोलतो आहे. दोन्ही परिस्थितींत उत्तर एकच : ही डिस्क जोडायची नाही.

पुढे डिस्क 'गटां'मध्ये विभागलेली असते. नेहमीच्या ४०९६ बाइटांच्या ब्लॉकमध्ये ३२,७६८ बिट मावतात. एका बिटाने एक ब्लॉक भरलेला की मोकळा हे सांगायचे, म्हणजे नकाशाच्या एका ब्लॉकात ३२,७६८ ब्लॉकांचा हिशोब बसतो. म्हणून गटही तेवढ्याच ब्लॉकांचा, १२८ एमबीचा. या नकाशाला बिटमॅप म्हणतात. प्रत्येक फाइलीची स्वतंत्र नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. आयनोडमध्ये फाइलीचे नाव नसते. नाव फोल्डरात असते आणि त्याच्यासमोर आयनोडचा क्रमांक असतो.

तपासण्या तीन प्रकारच्या असतात, हे इथेच लक्षात येते. पहिली, आकडा मुळात संभवनीय आहे का? दुसरी, तो उपकरणाच्या मर्यादेत बसतो का? तिसरी, तो वहीतल्या दुसऱ्या आकड्याशी जुळतो का? बँकेच्या चेकवर रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात ती या तिसऱ्या तपासणीसाठीच. पहिल्या दोन तपासण्या स्वस्त असतात. तिसरी महाग, कारण तिच्यासाठी डिस्कवरचे दुसरे पान उघडावे लागते.

फोल्डरातली एक ओळ

'दिवाळी' नावाची एखादी फाइल घेऊ. फोल्डरात तिची ओळ अशी लिहिली जाते : चार बाइटांत आयनोडचा क्रमांक, दोन बाइटांत या ओळीची एकूण लांबी, एका बाइटात नावाची लांबी, एका बाइटात फाइलीचा प्रकार आणि मग प्रत्यक्ष नाव. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'दिवाळी'त अशी सहा चिन्हे आहेत, म्हणून नावाची लांबी १८ बाइट. त्याआधीचे आठ मिळून २६. ओळीची लांबी चारच्या पटीत असावी असा नियम आहे, म्हणून किमान २८. (नावासाठी कमाल २५५ बाइट मिळतात. इंग्रजीत त्यात २५५ अक्षरे बसतात, देवनागरीत ८५ चिन्हे.)

कर्नेल फोल्डर वाचतो तो ओळीच्या लांबीच्या आधाराने. या ओळीची लांबी २८, म्हणजे २८ बाइट पुढे गेलो की पुढची ओळ. आता त्या दोन बाइटांत २८ ऐवजी शून्य असेल तर? कर्नेल शून्य बाइट पुढे जाईल, म्हणजे तीच ओळ पुन्हा वाचेल, पुन्हा शून्य पुढे जाईल, आणि हे कधीच थांबणार नाही. तिथे ६०,००० असेल तर? ४०९६ बाइटांच्या ब्लॉकबाहेर उडी मारून तो मेमरीतला भलताच मजकूर फोल्डरातली ओळ म्हणून वाचू लागेल.

म्हणून ईएक्सटी४ च्या कोडमध्ये प्रत्येक ओळीला प्रश्न विचारले जातात. लांबी निदान १२ आहे का? ती चारच्या पटीत आहे का? ओळीत तिने सांगितलेल्या लांबीचे नाव मावते का? ओळ ब्लॉकच्या बाहेर तर जात नाही? आयनोडचा क्रमांक एकूण आयनोडांच्या संख्येपेक्षा मोठा तर नाही? फोल्डरात दहा हजार फाइली असल्या, तर ही उलटतपासणी दहा हजार वेळा होते. तरी तिचा भार जाणवत नाही, कारण लागणारी सगळी माहिती मेमरीत आलेलीच असते. डिस्कवरून ती आणायला लागणाऱ्या वेळाच्या तुलनेत चार-पाच आकड्यांची तुलना म्हणजे काहीच नाही.

आपल्या पेनड्राइव्हवर असणाऱ्या फॅट पद्धतीत हेच संकट वेगळ्या रूपात येते. तिथे फाइलीचा प्रत्येक तुकडा पुढच्या तुकड्याचा पत्ता सांगतो. एखाद्या तुकड्याने मागच्याच तुकड्याचा पत्ता दिला, तर साखळीचे वर्तुळ होते. लिनक्सचा कोड यावर साधा उपाय करतो : एका फाइलीच्या कमाल आकारात जितके तुकडे मावू शकतात, त्याहून अधिक पावले चालून झाली, तर आपण गोल फिरत आहोत असे समजून थांबायचे. वर्तुळ नेमके कुठे आहे हे शोधत बसायचे नाही. मर्यादा ओलांडली एवढा पुरावा पुरेसा.

आधी तपासा, मग वापरा

तपासणी असणे आणि ती योग्य जागी असणे यांत किती अंतर आहे, हे ईएक्सटी४ च्याच एका प्रकरणातून फार चांगले समजते. सुपरब्लॉकमध्ये एका बाइटाचा एक आकडा असतो. किती गट मिळून एक मोठा गट धरायचा, हे तो सांगतो. पण तो थेट संख्या सांगत नाही, दोनाचा घात सांगतो. तिथे ४ लिहिले असेल तर दोनाचा चौथा घात, म्हणजे १६ गट. संगणक हा घात काढतो तो १ या आकड्याला तितकी घरे डावीकडे सरकवून.

बाइटात ० ते २५५ मधले काहीही असू शकते. सरकवायची पाटी मात्र ३२ घरांची. ३१ पेक्षा मोठा आकडा आला, तर तो १ पाटीबाहेर पडून उत्तर शून्य येईल आणि पुढे त्या शून्याने भागाकार होऊन कर्नेल कोसळेल, हे २००९ साली लक्षात आले. सीव्हीई-२००९-४३०७ या क्रमांकाने ही त्रुटी नोंदली गेली. दुरुस्ती अशी केली गेली : घात काढायचा आणि उत्तर दोनापेक्षा कमी आले, तर तो आकडा अमान्य करायचा. वरवर पाहता यात काहीच वावगे नाही.

२०१२ च्या सुरुवातीला शी वांग यांनी दाखवून दिले, की ही दुरुस्ती ठिसूळ आहे. त्यांनी दोन कारणे दिली. पहिले कारण प्रोसेसरचे. इंटेल घराण्याचे प्रोसेसर ३२ घरांच्या पाटीवर किती घरे सरकायचे हे पाहताना त्या आकड्याचे शेवटचे पाच बिटच विचारात घेतात. ३६ घरे सरकायला सांगितले, तर ते चारच घरे सरकतात आणि उत्तर शून्याऐवजी १६ येते. १६ हा दोनापेक्षा मोठा, म्हणून तपासणी खुशाल पार पडते. मग कर्नेलच्या एका खणात ३६ आणि दुसऱ्या खणात १६ अशा परस्परविरोधी गोष्टी राहतात. पॉवरपीसी प्रोसेसरवर मात्र तीच तपासणी बरोबर चालते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. पाटीच्या रुंदीपेक्षा जास्त घरे सरकवली तर काय व्हावे, हे सी भाषेच्या मानकाने ठरवलेलेच नाही. म्हणून कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर असे धरून चालू शकतो, की असे कधी घडणारच नाही. ते घडणार नसेल, तर १ सरकवून शून्य कधीच येणार नाही. आणि शून्य येणार नसेल, तर 'उत्तर शून्य आहे का' ही तपासणी निरुपयोगी, सबब काढून टाकावी. त्या तपासणीचे समतुल्य रूप कंपायलरला देऊन पाहिल्यावर क्लँग ३.० ने नेमके हेच केले. शून्याची तपासणी त्याने गाळून टाकली. जीसीसी ४.६ ने ती ठेवली, पण पुढची आवृत्ती ठेवील याची हमी कोणी द्यायची? लिहिणाऱ्याने कुलूप लावले होते. कंपायलरला ते शोभेचे वाटले आणि त्याने ते काढून ठेवले.

खरी दुरुस्ती एका ओळीची होती. सरकवण्याच्या आधीच विचारायचे, की डिस्कवरून आलेला आकडा १ ते ३१ च्या दरम्यान आहे का. उत्तर होकारार्थी असेल तरच पुढे जायचे. जुनी तपासणी आकड्याच्या वापरानंतर त्याच्या परिणामाकडे बघत होती. नवी तपासणी वापराआधी खुद्द आकड्याकडे बघते. या सगळ्या विषयाचे सार या एका फरकात आहे. परक्याने दिलेला आकडा हिशोबात घातल्यावर येणारे उत्तर त्या आकड्याच्या खरेपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

इतका विश्वास आला कुठून?

मग पूर्वीचे प्रोग्रामर डिस्कवर एवढे विसंबून का राहत? तेव्हा तपासणीचे काम दुसरीकडे होत असे. युनिक्समध्ये एफएससीके नावाचा स्वतंत्र प्रोग्राम होता. यंत्र अचानक बंद पडले, की पुन्हा सुरू होताना तो सगळी वही पानोपान ताडून बघे. त्याचा आजचा ईएक्सटी४ साठीचा वारस पाच फेऱ्या करतो : आयनोड आणि त्यांचे ब्लॉक, फोल्डरांची रचना, फोल्डरांची परस्पर जोडणी, एका फाइलीला किती नावे आहेत याची मोजणी आणि शेवटी गटांचे बिटमॅप व बेरजा. वर सांगितलेली तिसरी, महाग तपासणी ती हीच. कर्नेलला वही मिळे ती तपासून आलेली, म्हणून तो फारसे प्रश्न विचारत नसे.

डिस्क मोठ्या होत गेल्या तसे हे काम तासन् तास चालू लागले. त्यावर उपाय म्हणून जर्नल आले. आपल्याकडच्या दुकानदारीतली रोजकीर्दच म्हणा ना. बदल आधी रोजकीर्दीत उतरवायचा आणि मग खतावणीत न्यायचा. मध्येच वीज गेली, तर रोजकीर्द पाहून अर्धे राहिलेले काम पुरे करायचे. नोव्हेंबर २००१ मध्ये ईएक्सटी३ लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये आली आणि वीज गेल्यावर सगळी डिस्क तपासत बसण्याची गरज उरली नाही. पण रोजकीर्द संरक्षण देते ते अर्धवट राहिलेल्या लिखाणापासून. लिहिलेले नंतर बिघडले किंवा मुळात चुकीचे लिहिले गेले, तर ती काही करू शकत नाही. पूर्ण तपासणीचे प्रसंग कमी झाले आणि न तपासलेली पाने थेट कर्नेलच्या हातात पडू लागली.

याचे परिणाम मोजणारे संशोधन त्याच दशकात झाले. २००५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या विजयन प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी ईएक्सटी३, रायझरएफएस, जेएफएस आणि एनटीएफएस या फाइल सिस्टिमांना मुद्दाम बिघडलेले ब्लॉक दिले आणि वाचण्या-लिहिण्यातल्या खोट्या चुका घडवून आणल्या. ईएक्सटी३ लिहिताना आलेल्या चुकांकडे बऱ्याचदा चक्क दुर्लक्ष करते, आणि फोल्डर, बिटमॅप यांसारख्या महत्त्वाच्या ब्लॉकांची ती जेमतेम तपासणी करते, असे त्यांना आढळले. २००६ साली स्टॅनफर्डच्या गटाने प्रोग्रामच्या सहाय्याने 'दुष्ट डिस्क' आपोआप तयार करण्याची रीत मांडली आणि ईएक्सटी२, ईएक्सटी३ व जेएफएस या तिन्हींमध्ये दोष दाखवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'कर्नेल दोषांचा महिना' या नावाने रोज एक दोष जाहीर केला गेला. त्यांतले बरेचसे वेडेवाकडे बाइट घातलेल्या डिस्क-प्रतींमधून सापडलेले होते.

डिस्क खरोखर बिघडतात तरी का, या शंकेचे उत्तर २००८ साली मिळाले. लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष वापरातल्या सुमारे १५ लाख ३० हजार डिस्कच्या ४१ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. डिस्कने 'सगळे ठीक' म्हणून दिलेला, पण प्रत्यक्षात बदललेला मजकूर चार लाखांहून अधिक वेळा आढळला. डिस्क तक्रार न करताही चुकीचे उत्तर देते, हे त्यानंतर नाकारता येण्यासारखे राहिले नाही.

चेकसम काय सांगतो, काय सांगत नाही

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे चेकसम. ब्लॉकमधल्या सगळ्या बाइटांवर एक ठरावीक गणित करायचे, येणारा ३२ बिटांचा आकडा त्याच ब्लॉकमध्ये लिहून ठेवायचा आणि वाचताना तेच गणित पुन्हा करून ताडून पाहायचे. योगायोगाने बिघडलेल्या ब्लॉकचा चेकसम जुळण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. ईएक्सटी४ च्या मेटाडेटाला ही सोय २०१२ मध्ये मिळाली आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिमला २०१३ मध्ये.

एक्सएफएसच्या रचनाकारांनी त्यापुढेही एक विचार केला. ब्लॉकचा मजकूर बिनचूक आहे, पण डिस्कने तो चुकीच्या जागी लिहिला, तर? किंवा त्या जागी जुन्या, पुसून टाकलेल्या फाइल सिस्टिमचा ब्लॉक शिल्लक असेल तर? दोन्हींचा चेकसम जुळेल. म्हणून प्रत्येक ब्लॉक आता स्वतःची ओळख स्वतः सांगतो : मी कोणत्या प्रकारचा, कोणत्या फाइल सिस्टिमचा, कोणाच्या मालकीचा आणि डिस्कवर माझी जागा कोणती. टपालातल्या पाकिटावर पत्ता असावा तसे. १०० क्रमांकाच्या ठिकाणाहून आणलेला ब्लॉक 'मी २०० चा' असे म्हणाला, तर घोटाळा तिथेच उघड होतो. झेडएफएसने वेगळा मार्ग धरला. तिथे ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकमध्ये नसून त्याचा पत्ता सांगणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये असतो. साक्षीदाराचे चारित्र्य त्याला न विचारता दुसऱ्याला विचारावे, तसा हा प्रकार.

तरीही चेकसम फक्त एवढेच सांगतो, की जे लिहिले होते तेच वाचले गेले. लिहिले होते ते शहाणपणाचे होते की नाही, याबद्दल तो मुका आहे. समजा, संगणकाच्या मेमरीतच दोष आहे. मेटाडेटा मेमरीत असताना एक बिट उलटला आणि मग त्याचा चेकसम काढला गेला. आता चुकीच्या मजकुरावर अस्सल शिक्का बसला. हे टाळण्यासाठी एक्सएफएस आणि बीटीआरएफएस डिस्कवर लिहिण्याच्या आधीही मेटाडेटाची रचना तपासतात. तपासणीत दोष आढळला, तर चेकसम काढून तो ब्लॉक डिस्कवर पाठवण्याऐवजी लिखाणच थांबवतात. डिस्कवर शेवटचे चांगले रूप तरी शिल्लक राहते. एखाद्याच्या यंत्रातली मेमरी खराब झाली आहे, ही बातमी अशा वेळी फाइल सिस्टिमकडूनच पहिल्यांदा कळते.

डिस्क शत्रूची असेल तर

इथवर आपण अपघाताचा विचार केला. हेतुपुरस्सर बनवलेली डिस्क ही वेगळीच गोष्ट आहे. चेकसमचे गणित सर्वांना माहीत असते. खोटा मेटाडेटा लिहिणारा त्याचा खरा चेकसम काढून शेजारी लिहू शकतो. तेव्हा त्याच्याविरुद्ध उपयोगी पडते ती पहिलीच, साधी, आकडाआकड्याची शहानिशा. गूगलचे सिझकॉलर हे साधन अशा खोट्या डिस्क-प्रती मोठ्या संख्येने बनवून कर्नेलला सतत देत राहते आणि त्यातून नवे दोष सापडत असतात.

शत्रूच्या हातातले उपकरण आणखी एक करू शकते. पहिल्यांदा वाचले तेव्हा एक उत्तर, दुसऱ्यांदा वाचले तेव्हा दुसरे. पेनड्राइव्हच्या आत स्वतःचा छोटा संगणकच असतो, त्याला हे अवघड नाही. म्हणून तपासलेली प्रतच वापरायची, तपासून झाल्यावर डिस्कवरून पुन्हा वाचायचे नाही, हा नियम महत्त्वाचा ठरतो. खुद्द यंत्रातला एखादा प्रोग्रामही जोडलेल्या डिस्कवर फाइल सिस्टिमच्या पाठीमागून थेट लिहू शकतो. ते रोखण्याची सोय लिनक्समध्ये २०२४ साली आली.

सगळ्या शक्य खोटेपणाविरुद्ध कर्नेलने लढावे का, यावर मतभेद आहेत. फाइल सिस्टिम लिहिणाऱ्या अनेकांचे म्हणणे असे, की पूर्ण तपासणी एफएससीकेसारखीच महाग आहे आणि ती प्रत्येक वाचनाला करता येणार नाही. अनोळखी डिस्क कर्नेलने थेट उघडूच नये. सुरक्षेचा अभ्यास करणारे म्हणतात, की पेनड्राइव्ह खोचताच तो आपोआप उघडणारी यंत्रे घरोघरी आहेत, त्यांचे काय? मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. व्यवहारात निघालेला तोडगाही दोन्हींना धरून आहे. अँड्रॉइड मेमरी कार्ड जोडण्याआधी ते तपासून घेतो. संशयित डिस्क-प्रती उघडण्यासाठी वापरले जाणारे लिबगेस्टएफएस हे साधन संगणकाच्या आत एक वेगळा आभासी संगणक चालवून त्यात ती प्रत उघडते. कोसळलाच तर तो आतला कोसळतो.

खोटे निघाले तर पुढे काय?

तपासणीत खोटेपणा सापडला, की निर्णय करावा लागतो. ईएक्सटी४ तीन पर्याय देते : दोषाची नोंद करून काम चालू ठेवणे, लिखाण बंद करून फक्त वाचू देणे, किंवा सगळे यंत्र थांबवणे. काही वेगळे सांगितले नसेल, तर चालू ठेवणे हाच तिचा रिवाज. एक्सएफएस कडक आहे. तिच्या मेटाडेटात गंभीर दोष दिसला, की ती ती फाइल सिस्टिम बंद करते.

यातली गंमत अशी, की तीनपैकी कोणता पर्याय वापरायचा हे ईएक्सटी४ च्या सुपरब्लॉकमध्येच लिहिलेले असते. म्हणजे साक्षीदार खोटा निघाला तर काय करायचे, हे त्या साक्षीदारालाच विचारायचे! 'दोष दिसताच यंत्र थांबवा' असे लिहिलेला आणि आत मुद्दाम एक दोष ठेवलेला पेनड्राइव्ह कोणी खोचला, तर सगळे यंत्र बंद पडे. डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह जोडून देणाऱ्या यूडिस्क्स या प्रोग्राममधली ही त्रुटी सीव्हीई-२०२१-३८०२ म्हणून नोंदली गेली. तेव्हापासून यूडिस्क्स अशी डिस्क जोडताना 'दोष दिसल्यास फक्त वाचू द्या' असे स्वतः स्पष्ट बजावतो. पेनड्राइव्हचे मत विचारत नाही.

सामान्य वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे शेवटचे प्रकरण सर्वांत कामाचे. आपली डिस्क एके दिवशी उघडत नाही, किंवा उघडते पण तिच्यावर काही लिहू देत नाही. आपण चिडतो. मुलांच्या लहानपणीची छायाचित्रे, दुकानाचा हिशोब, लिहीत असलेले पुस्तक तिच्यावर असते, आणि यंत्र आडमुठेपणा करते आहे असे वाटते. बहुतेक वेळा ते आपल्या बाजूने उभे असते. वहीतले एक पान खोटे आहे, त्याच्या आधाराने आणखी लिहिले, तर उरलेली पानेही जातील, एवढेच ते सांगत असते. विंडोज अशी डिस्क ओळखू शकले नाही, की ती फॉरमॅट करायची का, असे विचारते. फॉरमॅट म्हणजे जुन्या वहीच्या जागी नवी कोरी वही. तिथे घाईने 'हो' म्हणू नये.

अशा वेळी पहिले काम दुरुस्तीचे नसून प्रतीचे असते. डीडीरेस्क्यूसारखी मोफत साधने सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढतात. जे खटपटी करायच्या त्या त्या प्रतीवर. एफएससीके काहीही न बदलता फक्त दोष सांगण्याच्या रीतीनेही चालवता येते. आधी तसेच चालवावे, दोषांची यादी पाहावी. सुपरब्लॉकचे पहिले पान गेले असले, तरी ईएक्सटी४ त्याच्या जादा प्रती ठरावीक गटांत ठेवते. ४०९६ बाइटांचे ब्लॉक असतील, तर पहिली प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकात असते. तिच्या आधाराने पुष्कळदा सगळी वही पुन्हा उभी राहते. मूळ डिस्क मात्र तोवर बाजूला काढून ठेवावी आणि तिच्यावर एकही अक्षर लिहू नये.